नागपूरची सकाळची न्याहारी

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके मध्य प्रदेशात असले, तरी त्यांचे तोंड नागपूरकडे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली हे दोन तालुके छिंदवाड्यापासून वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. परंतु सीमेच्या रेषा कितीही हलल्या, तरी घरात मराठी बोलणाऱ्या येथील माणसाची वाट काही बदलली नाही. संत्र्याचा भाव पाहावयाचा तर नागपूर, मुलीच्या लग्नाचे कापड घ्यावयाचे तर नागपूर, आणि दुखणे हाताबाहेर गेले तरी नागपूरच.

ही वाट बहुधा पहाटेची असते. पांढुर्ण्याचा प्रवासी नरखेड आणि काटोल मागे टाकीत आगगाडीने येतो. सौंसरकडील वडीलधाऱ्यांना अरुंद रुळांवरून डुलत जाणारी जुनी गाडी अद्याप आठवते. ती २०१५ साली बंद झाली आणि त्या मार्गावर आता रुंद रूळ पडले आहेत. कोणी सावनेरवरून मोटारीने येतो. कसेही आले तरी एक गोष्ट सर्वांची सारखीच. निघताना घरची चूल पेटलेली नसते, आणि नागपूरला पाय लागतो तेव्हा पोटात आदल्या रात्रीची भाकरी असते. पुढे बाजारातली पायपीट नाही तर दवाखान्यातील रांग. अशा वेळी गरम, स्वच्छ आणि खिशाला झेपेल अशी न्याहारी कोठे मिळेल, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. तो लहान नाही, हे मला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने शिकविले.

सौंसरजवळच्या एका खेड्यातील हे गृहस्थ. त्यांच्या पत्नीला नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ठेवले होते. १९४७ साली सुरू झालेल्या या संस्थेला आपल्याकडचे सगळे लोक नुसते ‘मेडिकल’ म्हणतात. मी सकाळी भेटावयास गेलो. चौकशी झाल्यावर म्हटले, “चला बाबा, थोडे खाऊन घेऊ.” रस्त्यावर आरसे लावलेले एक हॉटेल होते. त्याच्या पायरीशी येताच म्हातारबुवा थबकले.

“तुम्ही घ्या जी. मले भूक नाही.”

भूक नसलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. खोदून विचारले तेव्हा कळले, की तीन दिवस ते चहा आणि टोस्टावर होते. “आत जाऊन बसलो, अन् पैसे कमी पडले तर? चार लोकांत कसं उठाव जी?” खिशात पैसे नव्हते असे नाही. पण औषधाला किती लागतील याचा नेम नव्हता, आणि काचेच्या दारामागे आपले काय होईल याची धास्ती होती. रोग्याची काळजी घेणारा माणूस असा उपाशी राहिला, की घरात एकाचे दोन आजारी होतात.

मी त्यांना रस्त्यापलीकडच्या एका हातठेल्यावर नेले. आरशांच्या हॉटेलांचा माझा स्वतःचाही अनुभव काही बरा नव्हता. पहिल्या खेपेस अशाच एका ठिकाणी मी पाटी पाहून शिरलो होतो आणि दुप्पट पैसे देऊन गार पोहे खाऊन बाहेर पडलो होतो. तेव्हापासून पाटी वाचणे सोडले. गिऱ्हाईक वाचू लागलो. जेथे हमाल, रिक्षावाले, भाजीवाले आणि रात्रपाळी करून परतणारे लोक उभे राहून खातात, तेथे अन्न ताजे असते. याचे कारण साधे आहे. हे लोक रोज येतात, मोजून पैसे देतात, आणि एकदा फसले की पुन्हा येत नाहीत. शिवाय परात तासाभरात रिकामी होते, तेव्हा शिळे उरावयास जागाच नसते.

नागपूरची ही न्याहारी म्हणजे तर्री पोहे. पोहे आपल्या घरीही होतात. भात भिजवून, भाजून, गरम असतानाच चपटा केला की पोहे झाले. परंतु आपल्या घरचे पोहे कोरडे, आणि नागपूरचे पोहे तर्रीत बुडालेले. रात्रभर भिजविलेला हरभरा शिजवून त्याचा पातळ, झणझणीत रस्सा करतात. कांदा, लसूण, आले, सुके खोबरे आणि लाल तिखट यांत पडते. वर तांबड्या तेलाचा जो तवंग येतो, तीच तर्री. पळसाच्या फुलासारखा तिचा रंग दुरूनच दिसतो. बशीत पोहे, त्यांवर हरभरे, त्यावर तर्रीची पळी, मग बारीक कांदा, शेव किंवा चिवडा आणि लिंबाची फोड. नको असेल त्याने “तर्री कमी” असे आधीच सांगावे, नाहीतर डोळ्यांतून पाणी आल्यावर सांगून उपयोग नाही! शेजारच्या कढईत आलूबोंडे किंवा समोसे तळत असतात. तेही कुसकरून त्यावर हीच तर्री घालतात.

या जिनसेत शहाणपण आहे. पोह्यांनी पोट भरते, हरभऱ्याने ते टिकते, आणि तिखटाने झोप उडते. नागपूर हे पूर्वीपासून पहाटे उठणाऱ्यांचे गाव. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल येथे १८७७ साली सुरू झाली. ती आता बंद पडली आहे, पण तिच्या भोंग्यावर पिढ्यान् पिढ्या उठल्या. इतवारीत धान्याची पोती, कॉटन मार्केटात भाजी आणि कळमन्यात आपली संत्री उतरतात, ती सूर्य वर येण्याआधी. ज्याला दिवसभर ओझे वाहावयाचे आहे, त्याला नुसत्या चहाने कसे भागेल?

ठेल्याचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. एके काळी आपल्या देशात पुष्कळ हॉटेलांत काही माणसांना आत येऊ देत नसत. दिला तर चहा वेगळ्या कपात. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या १५व्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे, तो उगीच नाही. ठेल्याभोवती जात विचारावयास कोणाला सवड नसते. वकील आणि हमाल एकाच परातीतले खातात, आणि दोघांनाही उभेच राहावे लागते.

मात्र सर्वांनाच उभे राहणे जमत नाही. दुखणाईत माणूस, कडेवर मूल असलेली आई, किंवा म्हातारी सासू बरोबर असेल, तर नागपुरात इंडियन कॉफी हाऊस आहे. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद केली, तेव्हा कामावरून गेलेल्या नोकरांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने १९५७ पासून सहकारी संस्था काढल्या आणि तीच कॉफीगृहे स्वतः चालवू लागले. तुऱ्याचे पांढरे पागोटे घातलेला वाढपी पाहून बिचकू नये. एक डोसा आणि कॉफी घेऊन घटकाभर बसले, तर कोणी उठवीत नाही.

जाणाऱ्यांनी थोडी खबरदारी घ्यावी. भाव आधी विचारावा. त्यात लाज नाही. वाफ निघत असेल तेच घ्यावे. बशा कोणत्या पाण्यात धुतात ते पाहावे, आणि पावसाळ्यात कापून ठेवलेला कांदा टाळावा. पिण्याचे पाणी घरून न्यावे. पोट नाजूक असेल तर तर्री थेंबभरच बरी. दहा वाजल्यानंतर मात्र ठेल्यावर जाण्यात अर्थ नाही. तोवर चांगली परात संपलेली असते.

म्हातारबुवांनी त्या दिवशी दोन बश्या खाल्ल्या. ठेलेवाल्याने न विचारता पळी पुढे केली, “अजून तर्री घ्या ना, काकाजी,” आणि तिचे वेगळे पैसे लावले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा ते ठेल्याजवळच उभे होते, आणि त्यांच्याबरोबर पांढुर्ण्याकडचा एक तरुण होता. त्याचा भाऊ त्याच वॉर्डात होता. म्हातारबुवा त्याला समजावीत होते, की पैसे आधी विचार, तर्री कमी सांग. मी खिशात हात घातला, तो त्यांनी धरून ठेवला.

“आज राहू द्या जी. तिघांचे मी देतो.”