पन्नास युआनचा पांडा

चीनच्या सोन्याच्या नाण्यावर पांडा पहिल्यांदा आला तो १९८२ साली. तेव्हा त्यावर दर्शनी किंमतही नव्हती, फक्त वजन आणि शुद्धता. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगरँड या सोन्याच्या नाण्यावर वर्षानुवर्षं तेच हरीण धावतं. इथला पांडा मात्र वर्ष बदललं की बदलतो. कधी फतकल मारून बांबू खातो, कधी झाडावर चढतो, कधी पिल्लाला जवळ घेऊन बसतो. दुसऱ्या बाजूला बीजिंगच्या स्वर्गमंदिरातली तीन छपरांची गोल वास्तू असते. चांगलं पीक यावं म्हणून चीनचे सम्राट तिथे प्रार्थना करत.

आम्ही हाँगकाँगला होतो तेव्हा लेकीच्या जन्मवर्षाचं, म्हणजे २००१ चं नाणं घेतलं. एक दशांश औंसाचं, म्हणजे तीन ग्रॅमच्या जरा वर. त्यावर पन्नास युआन असं लिहिलंय, पण पन्नास युआनला ते कोणी देणार नाही. आतलं सोनंच तेव्हाही कितीतरी महाग होतं. पुढच्या वर्षी भाचा झाला, त्याच्यासाठी २००२ चं आणलं. दोन्ही शेजारी ठेवली तर पांडा तोच, बांबूचं बनही तेच! फसवलं की काय, म्हणून दुकानदाराला विचारलं, तेव्हा उलगडा झाला. २००१ पासून चित्र कायमचं एकच ठेवायचं असं टांकसाळीनं ठरवलं होतं. संग्राहकांना ते रुचलं नाही. २००३ पासून पांडा पुन्हा बदलायला लागला. आमच्याकडे आले ते नेमके जुळे.

मुंबईला परतल्यावर सासूबाई म्हणाल्या, "कडी लावून घे गं, पोरीच्या गळ्यात छान दिसेल." त्यांचंही बरोबर होतं. त्यांच्या स्वतःच्या गळ्यात पुतळ्यांची माळ. नाणं म्हटलं की ते ओवायचं, हीच आपल्या घरांची रीत. आमच्या सराफांनी भिंग लावून नाणं उलटसुलट पाहिलं आणि त्याचं बंद पाकीट न फोडताच परत दिलं. "ताई, डाग दिला की हे नाणं राहणार नाही. तीन ग्रॅम सोनं होईल."

त्यांच्याच भिंगातून मी तो पांडा पहिल्यांदा नीट पाहिला. सोन्यात काळा रंग आणायचा कुठून? कारागिरानं काही भाग चकचकीत ठेवला, काही खरखरीत केला आणि तेवढ्यावर कान, डोळ्यांभोवतीची काजळी, पाय असं सगळं काळंपांढरं उभं केलं. बांबूची पानं तर नखाएवढीही नाहीत, तरी प्रत्येकाला टोक आहे.

खऱ्या पांडाचं सगळं आयुष्य या पानांभोवती फिरतं. दिवसाचे दहा-बारा तास तो नुसता खात असतो, कारण बांबूतून अंगाला लागतं फार थोडं. बांबूचं बन एकदम फुलतं आणि मरतं, हे गडचिरोलीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. १९८३ मध्ये सिचुआनच्या डोंगरांत तसा बांबू फुलला आणि पांडांच्या पोटाची चिंता जगभर पसरली. तेव्हा पांडाचं नाणं निघून जेमतेम वर्ष झालं होतं. पूर्वी अशी आपत्ती आली की पांडा शेजारच्या खोऱ्यात उतरत. आता मधल्या वाटेवर शेतं आणि रस्ते आले होते. पुढे अभयारण्यं वाढली, तुटलेली जंगलं जोडायला सुरुवात झाली. चीनच्या चौथ्या गणनेत रानातले पांडा १,८६४ भरले आणि २०१६ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तो 'संकटग्रस्त' वरून 'असुरक्षित' या एक पायरी सौम्य गटात आला.

संग्राहकाचा हिशेब याच्या अगदी उलटा असतो. एखाद्या वर्षाची नाणी जितकी कमी, तितका त्याला आनंद. मीही त्यातलीच, आमच्या जुळ्यांना कोणी दुर्मीळ म्हटलं तर मला आवडेलच. पण पांडा थोडे वाढले म्हणून माझ्या नाण्याचं काडीचंही नुकसान झालं नाही. दुर्मीळपणाचा मान नाण्यालाच लखलाभ, जनावराला तो नको.

तेव्हा निव्वळ सोनं हवं असेल तर गुरुपुष्याला सरळ वेढणं घ्या. मोडताना वाद नाही. पांडाच हवा असेल तर घ्या, पण पाकीट फोडू नका आणि कडी तर मुळीच लावू नका.