वाफेची इस्त्री आणि आईचा खांदा

आमच्या इंदूरमध्ये इस्त्रीला सगळे प्रेसच म्हणतात. त्यामुळे आईच्या कामाचं वर्णन तीन शब्दांत होतं: फॉल, पिको, प्रेस. वीस-बावीस वर्षं ती आसपासच्या बायकांच्या साड्यांना फॉल लावतेय आणि साडी परत देताना प्रेस करूनच देते. लग्नसराईत दिवसाला दहा-बारा साड्या होतात. या पैशांवर आमचं घर चालत नाही, पण त्यांचा हिशेब ती कुणालाही देत नाही, आणि तेच तिला मोलाचं वाटतं.

मागच्या दिवाळीनंतर तिचा उजवा खांदा जखडला. फ्रोजन शोल्डर. डॉक्टरांनी व्यायाम दिले, शिवण कसंबसं चालू राहिलं, प्रेस मात्र होईना. "बंदच करते आता," असं ती म्हणायला लागली. साड्या कोपऱ्यावरच्या प्रेसवाल्या भैयांकडे देऊ, असं बाबांनी सुचवलं. ते तिने लगेच मोडीत काढलं: लोकांनी विश्वासाने दिलेली साडी तिसऱ्याच्या हाती द्यायची नाही.

म्हणून मी स्टीम जनरेटर इस्त्रीच्या मागे लागलो. साध्या स्टीम इस्त्रीत पाणी तिच्याच पोटात असतं, फार तर पाव-तीनशे मिली. जनरेटरमध्ये लिटर-दीड लिटरची टाकी खालच्या बैठकीत असते आणि जाड नळी हातातल्या इस्त्रीपर्यंत येते. पाण्याचं ओझं हातावर पडत नाही आणि दर दोन साड्यांनी पेला घेऊन उठावं लागत नाही.

खोक्यांवर मात्र आकड्यांची जत्रा. मिनिटाला १२० ग्रॅम वाफ, अखंड! इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. इस्त्री २,४०० वॅटची, म्हणजे सेकंदाला २,४०० ज्यूल. नळाच्या एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण २,६०० ज्यूल लागतात. सगळी वीज वाफेवर खर्ची घातली तरी मिनिटाला ५५ ग्रॅमच्या वर जाता येत नाही. त्यापुढची वाफ तापलेल्या धातूत साठवलेल्या उष्णतेतून येणार, आणि तो साठा थोड्याच वेळात संपणार. तेव्हा १०० की १२० यावर दोन-तीन हजार जास्त मोजण्यात अर्थ नाही. बारचा आकडा थोडा कामाचा: दाब जास्त असेल तर वाफ कापडाच्या आतपर्यंत शिरते.

आणि शिरायलाच हवी. सुती धाग्यातल्या सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. ओलावा आणि उष्णता मिळाली की ते बंध सैल होतात, आणि कापड वाळताना सपाट अवस्थेत पुन्हा बसतात. आपल्या आज्या सुती लुगड्यावर पाणी शिंपडून ते गुंडाळून ठेवायच्या, ते याचसाठी. वाफेने हे काम होत असेल तर हाताने दाबायची गरज कमी पडते. खांद्याला खरा आराम यातच आहे.

शेवटी आईलाच दुकानात नेलं. ऑनलाइन दोनशे रुपये वाचत होते, पण वजन ऑनलाइन उचलता येत नाही. एक महागडी इस्त्री तिने उचलली आणि लगेच खाली ठेवली. ती आमच्या जुन्या इस्त्रीपेक्षाही जड होती. दुसरीत वाफेची कळ सतत बोटाने दाबून धरावी लागत होती. तिसरी हलकी, कळ दोनदा दाबली की वाफ सुरूच राहणारी. तीच घेतली. मी फक्त एकच अट घातली होती: टाकी मध्येच भरता आली पाहिजे. बंद बॉयलरच्या प्रकारात पाणी संपलं की तो थंड होईपर्यंत थांबावं लागतं; पंपवाल्यात तसं नाही.

तुम्ही घेणार असाल तर आधी प्लग बघा. २,४०० वॅट म्हणजे दहा अँपिअरहून जास्त. सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर ती लावू नका. दुसरं पाणी. नर्मदेचं पाणी येतं त्या दिवशी ठीक, पण आमच्या बोअरिंगच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो, तर इस्त्रीच्या आत काय होईल? आम्ही पुस्तिका वाचून आरओचं पाणी वापरतो आणि महिन्यातून एकदा क्षार काढून टाकतो. तारीख आई तिच्या उधारीच्या वहीतच लिहिते.

सगळ्या साड्यांना ती चालते असं मात्र नाही. सुतीवर उत्तम. माहेश्वरीवर आई वाफ कमी ठेवते. भरजरी रेशमी साडी आली की जुनी कोरडी इस्त्रीच काढते, मंद आचेवर, उलट्या बाजूने, मध्ये मलमलचा तुकडा ठेवून. रेशमावर थेंब पडला की डाग राहतो. टेबल मी कोपराच्या थोडं खाली येईल इतकं उतरवून दिलंय, म्हणजे खांदा उचलावा लागत नाही.

पैसे तिनेच दिले, फॉलच्या डब्यातून मोजून. मी नको म्हटलं तर म्हणाली, "धंद्याचं सामान आहे, तुझं काय त्यात?"

खांदा अजून पूर्ण सुटलेला नाही. सध्या दिवसाला पाच साड्या होतात. तुळशीचं लग्न झालं की सराई सुरू होईल; तेव्हा किती घ्यायच्या, ते तीच ठरवणार आहे.