शिदोरी आणि पाणी

सुट्टीत पांडेसऱ्याला घरी गेलो की वडील मला एकदा तरी आपल्या मिलमध्ये नेतात. जी.आय.डी.सी.तली डाइंग-प्रिंटिंगची मिल. मागच्या दिवाळीत मात्र मी रिकाम्या हाताने गेलो नव्हतो. मूळ नमुना आणि रंगून आलेले कापड यांच्या रंगांत किती फरक पडला, हे छायाचित्रांवरून सांगणारी एक छोटी लायब्ररी मी लिहिली होती. वरचा भाग पायथॉनचा. वेगासाठी आतले गणित सी भाषेत. ती 'व्हील'मध्ये, म्हणजे पायथॉनच्या तयार गठ्ठ्यात, बांधून पेन ड्राइव्हवर नेली होती.

मिलचा संगणक जुना, सेंटओएस ७ वर चालणारा. गठ्ठा त्यावर मुकाट्याने बसला. चालवू गेलो तो उत्तर आले, 'जीलिबसी २.२९ सापडत नाही.' वडिलांनी कौतुकाने चार सोबत्यांना बोलावले होते. मास्तरकाका हसून म्हणाले, "पोरा, तुझी विद्या नवी, आमचं यंत्र अडाणी!" वडील काहीच बोलले नाहीत. तेच मला अधिक लागले.

दोष यंत्राचा नव्हता. जीलिबसी ही बहुतेक लिनक्स प्रणालींची मूळ सी लायब्ररी. तिच्यातले घातांक काढणारे 'पाऊ' २०१९ साली २.२९ आवृत्तीत नव्या रूपात आले. माझ्या उबुंटूवर २.३५ असल्याने माझी लायब्ररी त्या नव्या रूपाशी बांधली गेली. सेंटओएस ७ वर होती २.१७. नवी जीलिबसी जुनी रूपेही सांभाळते. जुनीला मात्र नवी ठाऊकच नसतात.

वसतिगृहावर परतून शोधले, तेव्हा कळले की यावरचा 'मेनीलिनक्स' हा संकेत २०१६ पासूनच आहे. पहिल्याचा पाया सेंटओएस ५, पुढे 'मेनीलिनक्स २०१४'चा सेंटओएस ७. तत्त्व साधे : जुन्या घरात बांधा, म्हणजे नव्यातही चालेल.

आम्ही खानदेशची माणसे. ताप्ती लाइनच्या गाडीने गावी निघताना आई भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बांधून घेते. पण चार दिवसांचे पाणी काही सुरतेहून कोणी नेत नाही. ते ज्या गावी जावे त्या गावचेच प्यावे लागते. व्हीलचेही तसेच. छायाचित्र वाचणारी जेपेगची लायब्ररी 'ऑडिटव्हील' या साधनाने माझ्या गठ्ठ्यात घालून दिली. ती शिदोरी. जीलिबसी म्हणजे गावचे पाणी. ते गठ्ठ्यात घालायचे नसते. मी शिदोरीही बांधली नव्हती, पाण्याचीही चौकशी केली नव्हती आणि वर गावालाच अडाणी ठरू दिले होते!

होळीला नवा गठ्ठा घेऊन गेलो. या खेपेस वडिलांनी कोणालाही बोलावले नव्हते. पडद्यावर आकडा उमटला, तेव्हा मात्र मास्तरकाकांना हाक मारायला तेच धावले.