एल्फ झोपत नाहीत!

एल्फ झोपत नाहीत. म्हणजे अजिबातच नाहीत! ध्यान लावल्यासारखे चार तास बसतात आणि माणसाला आठ तासांच्या झोपेतून मिळतो तेवढा आराम त्यांना तेवढ्यात मिळतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये हे दोन ओळींत उरकलंय. मी ते वाचलं आणि भाचीला विचारलं, "अगं, मग उरलेले चार तास माझी एल्फ करते काय?"

"ते तूच सांगायचंस ना, मावशी!"

झालं. मी कामातून गेले.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो 1974 मध्ये काढला. एक जण डीएम, म्हणजे डंजन मास्टर. तो गोष्ट पुढे नेतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जिथे जमेल की नाही अशी शंका असते तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. पण त्याआधी आपण कोण ते ठरवायचं. 2014 च्या पुस्तकात नऊ रेस, म्हणजे जमाती, आहेत: माणूस, एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग, नोम, ड्रॅगनबॉर्न, टीफलिंग, हाफ-एल्फ, हाफ-ऑर्क. (हाफलिंग मुळात सरळसरळ टॉल्किनचे हॉबिट होते. तिकडच्या हक्कदारांनी हरकत घेतल्यावर बारसं बदललं.) आपला राक्षसही यांच्याकडे आहे बरं का! वाघाच्या तोंडाचा, उलट्या पंजांचा. पण तो नुसता मारायला. खेळाडूला तो होता येत नाही, याचं मला भारी वाईट वाटलं.

टोकदार कान आणि लांब दाढ्या सिनेमातही दिसतात. इथली गंमत त्या बारक्या बारक्या नियमांत आहे. नियम म्हणून वाचावं तर रुक्ष, आणि टेबलावर आला की त्याचा स्वभाव होतो. माझी एल्फ पहिल्याच रात्री पहाऱ्यावर बसली. सगळे घोरतायत, हिला चार तास मोकळे. मी म्हटलं, ही सगळ्यांच्या पिशव्या उचकते. डीएमनं हाफ-ऑर्कच्या खेळाडूकडे पाहिलं, "तुझ्या पिशवीत काय आहे?" तो पोरगा क्षणभर गडबडला आणि म्हणाला, "विणकामाच्या सुया." तो आडदांड, सुळेवाला हाफ-ऑर्क आता प्रत्येक मुक्कामाला मोजे विणतो!

वयाचं तर विचारूच नका. एल्फ साडेसातशे वर्षं जगू शकतात आणि शंभरीच्या आसपास स्वतःला सज्ञान म्हणवतात. हाफ-ऑर्क पंचाहत्तरी क्वचितच ओलांडतो. एकदा गावचा मुखिया म्हणाला, दोन वर्षं थांबा, मग बघू. माझ्या एल्फनं मान डोलावली, दोन वर्षं म्हणजे तिला काहीच नाही. हाफ-ऑर्कनं टेबल उलथलं. दोघंही आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर, आणि हे भांडण आम्ही कुणी ठरवून केलं नव्हतं. ते आयुर्मानाच्या आकड्यातूनच आलं.

हाफलिंगला नशिबाची साथ असते. फाशावर एक पडला तर त्याला पुन्हा टाकायला मिळतो. आमचा हाफलिंग एका छपरावरून दुसऱ्यावर उडी मारत होता. फासा गडगडत गेला, बिस्किटांच्या डब्याला आपटून थांबला. एक! सगळ्यांच्या तोंडून "अरेरे" निघतंय तोवर हा ओरडला, "थांबा, मी हाफलिंग आहे!" पुन्हा टाकला. सतरा! तेव्हापासून कुठलंही बंद दार दिसलं की हाच पठ्ठ्या पुढे. जो कधी पूर्ण आपटलाच नाही, तो घाबरेल कशाला?

पण माझा जीव जडलाय तो केंकूवर. 'व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स' या 2016 च्या पुस्तकात हे कावळ्यासारखे लोक आहेत. शाप लागलेले, पंख गेलेले आणि स्वतःचा आवाजही गेलेला. ऐकलेले आवाज हुबेहूब काढायचे, तेवढंच त्यांचं बोलणं. नावंसुद्धा आवाजांची! आमच्यातली केंकू घेतलेली मुलगी वहीत वाक्यं टिपत असते, कोण काय म्हणालं, कुठल्या सुरात. एकदा किल्ल्याचं फाटक बंद, वर पहारेकरी, आमच्याकडे एकही युक्ती शिल्लक नाही. तिनं वहीची पानं मागे उलटली आणि सरदाराच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "फाटक उघड, भिजतोय मी!" सरदार हे कधीतरी सराईत बोलला होता. आम्ही पार विसरलो होतो, डीएमसुद्धा! फाटक उघडलं. पुढची पाच मिनिटं कुणाला धड बोलता येईना.

2022 च्या पुस्तकात केंकूंवरचं हे बंधन काढून टाकलंय, आता ते सरळ बोलू शकतात. सोय झाली असेल, मला जुनाच नियम हवा. जमातीनुसार ठरलेले बोनस मात्र 2020 मध्ये हवे तिथे वळवता येऊ लागले, ते उत्तम झालं. नाहीतर तलवारबाज म्हटलं की हाफ-ऑर्क, कारण काय तर ताकदीत दोन गुण जास्त. त्यात कसली आलीय मजा? वर अख्खी जमातच अडाणी किंवा दुष्ट असं छापलेलं वाचलं की माझं डोकं फिरतं.

आणि अजून किती बाकी आहे! कीथ बेकरच्या 'एबेरॉन' या दुनियेतले वॉरफोर्ज्ड, लढण्यासाठीच घडवलेले. ना खाणं, ना पिणं, ना श्वास. युद्ध संपलं, तहनाम्यानं त्यांना स्वतंत्र केलं. आता सकाळी उठून करायचं काय? उठून तरी कसं म्हणू, तेही झोपत नाहीत!

पुढच्या वेळी मी टॉर्टल होणार आहे. कासव. पाठीवरच चिलखत, त्यामुळे ते विकत घ्यायला नको. आयुष्य पन्नासेक वर्षांचं, शेवटी अंडी घालायची आणि उरलेलं वर्ष पिल्लांना शहाणं करण्यात घालवायचं. काय काय शिकवायचं त्याची यादी मी करायला घेतलीय. तासभर श्वास कोंडून पाण्याखाली कसं बसायचं, कुलूप कसं उघडायचं, हाफलिंगच्या मागून दारात शिरायचं, पुढून नाही. आणि एल्फला उसने पैसे द्यायचे नाहीत. "देते की लवकरच" म्हणते आणि दोनशे वर्षं फिरकत नाही.