हायलायटर

सहामाही परीक्षेत मी नववीच्या वर्गावर होते. एका मुलाच्या कंपासपेटीत बोटाएवढी पिवळी वस्तू दिसली. उचलली तर आंब्याचा वास. हल्ली खोडरबरांनाही वास असतात. "हायलायटर आत्ता लागत नाही, दप्तरात ठेव," म्हणत मी ती माझ्याच हातानं त्याला परत दिली.

पुढे रमजान आला. बहिणीचा मुलगा अकरावीसाठी आमच्याकडे राहतो. त्याचे अब्बा कुवेतला, बहीण गावी. एकही रोजा सोडत नाही, याचं मला केवढं कौतुक! पण असरनंतर त्याचं डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. इफ्तारला एक खजूर तोंडात टाकली की सरबत तसंच ठेवून तो गच्चीवर. एका संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला मी मागोमाग गेले. गच्चीवर आंब्याचा वास, आणि त्याच्या मुठीत तसलीच पिवळी वस्तू.

"खाला, यात तंबाखू नसते. नुसती वाफ आहे."

"मग असरनंतर डोकं कशानं दुखतं?"

तो गप्प.

तंबाखूचं पान नसतं, पण त्या द्रवात निकोटिन असतं. बॅटरीवर ते तापतं आणि वाफेतून छातीत जातं. ना राख, ना काडेपेटी. माझे अब्बा सिगारेट ओढून बडीशेप चघळत आले, तरी अम्मीला जिन्यातच कळायचं. मीही त्याच नाकाच्या भरवशावर राहिले.

२०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात आपल्या देशातले १३ ते १५ वर्षांचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरणारे निघाले. २००९ मध्ये ते १४.६ टक्के होते. हे आकडे मी पालकसभेत अभिमानानं वाचले होते. त्याच वर्षी केंद्रानं ई-सिगारेट बनवण्यावर, आणण्यावर, विकण्यावर बंदी घातली. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाच्याला ती मित्राच्या मित्रानं मोबाइलवरच्या एका मेसेजवर आणून दिली. ती संपली आणि पैसे नसले की टपरीवरून एक सुटी सिगारेट. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे. टपरीवाल्याला हे कोणी सांगितलेलं दिसत नाही.

मी ओरडले, कबूल करते. रात्री तरावीहहून आल्यावर तो स्वतःच जवळ येऊन बसला. दुसऱ्या दिवशी पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या नंबरवर आम्ही दोघांनी मिळून फोन लावला. ईदपर्यंत दोनदा घसरला. दोन्ही वेळा त्यानं आपणहून सांगितलं.

शाळा सुरू झाल्यावर त्या कंपासपेटीवाल्या मुलाला मी बाजूला घेतलं. तो आता दहावीत आहे. म्हणाला, "मॅडम, तुम्ही तेव्हा पाहिलं होतं ना? काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, चालतं."

जुम्म्याला त्याच्या घरी जाणार आहे. त्याच्या अम्मीला आधी माझंच सांगावं लागेल.