पांढऱ्या डोंगरातली वाट

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटनच्या पश्चिमेला, शोरम नावाचं जुनं बंदर आहे. एडर नदी इथे समुद्राला मिळते. भरतीला ती काठोकाठ भरते, ओहोटी लागली की निम्म्याहून अधिक पात्र चिखलाचं होतं आणि लांब चोचींचे पक्षी त्या चिखलात किडे टिपत फिरतात. नदीच्या काठाकाठाने उत्तरेकडे एक खडीची वाट जाते. जाड टायरांची, वाकड्या हँडलची ग्रॅव्हल बाईक काढावी आणि या वाटेला लागावं, हे माझ्या इथल्या आयुष्यातलं मोठं सुख आहे.

वाट सपाट आहे, कारण ती मुळात रेल्वेची. १८६१ साली इथून लोहमार्ग सुरू झाला आणि १९६६ साली तो बंद पडला. रूळ उखडले गेले, भराव राहिला. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून ज्यांनी हा मार्ग आखला त्यांनी तो नदीच्या कलाने नेला. आज त्याच भरावावरून निघून डाउन्स लिंक ही सुमारे ५९ किलोमीटरची वाट पार गिल्डफर्डजवळच्या टेकडीपर्यंत जाते. शोरमच्या जरा वर एक जुना लाकडी पूल लागतो. १९७० सालापर्यंत किनाऱ्यालगतच्या हमरस्त्याची सगळी वाहतूक या पुलावरून व्हायची. आता त्यावर फक्त पायी चालणारे, घोडेस्वार आणि सायकलवाले असतात. मोटारींचा मोठा रस्ता शेजारच्या उंच पुलावरून घोंगावत जातो आणि खाली लाकडी फळ्या सायकलच्या चाकाखाली एकेक करून वाजतात.

दोन्ही बाजूंच्या टेकड्या जवळ येऊ लागतात आणि एका वळणावर डोंगर कापलेला दिसतो. ही सिमेंटच्या कारखान्याची खाण. कारखाना १९९१ साली बंद झाला. उघडा पडलेला पांढरा कडा मात्र दुरूनही डोळ्यांत भरतो. खडूचा दगड आणि चिकणमाती भट्टीत भाजायची की सिमेंट होतं. नदीकाठी असेपर्यंत आपण कोणत्या मुलखात आहोत हे कळत नाही. तो कडा पाहिला की कळतं. हिरवं गवत हा वरचा पातळ थर आहे. खाली सगळा डोंगर खडूचा आहे.

बोटोल्फ्सच्या चिमुकल्या चर्चजवळ नदीवर साउथ डाउन्स वे या लांब पल्ल्याच्या वाटेचा पूल आहे. इथे नदीचा निरोप घ्यायचा आणि ट्रूली हिलच्या चढाला लागायचं. माथा २१६ मीटरवर. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ही उंची काहीच वाटणार नाही, पण चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतो आणि दम काढतो. चाकाखालचा आवाजही बदलतो. नदीकाठची बारीक खडी संपते, पांढरी वाट सुरू होते आणि तिच्यात गारगोट्या रुतलेल्या असतात. कोरड्या दिवसांत ही वाट टणक आणि वेगवान असते. पाऊस पडला की खडू ओल्या शाडूसारखा होतो. टायरच्या खाचा भरून टाकतो, ब्रेकच्या फटीत जाऊन बसतो, आणि उतारावर चाकाला धरायला काही उरत नाही. इथले सायकलवाले पावसानंतर एक-दोन दिवस थांबतात, आणि टायरमधली हवा थोडी कमी ठेवतात, म्हणजे टायर दगडावर आपटत नाही, त्याला बिलगतो.

चढावर थांबलं की मी एक गारगोटी उचलतो. बाहेरून तिला पांढरं, खरबरीत कवच असतं. फुटलेली असेल तर आत काळी, काचेसारखी गुळगुळीत, आणि कड इतकी धारदार की टायरची बाजू सहज कापली जावी. अश्मयुगातल्या माणसाने याच दगडाची हत्यारं घडवली. शेजारचा खडूचा तुकडा हातात घेतला तर बोटं पांढरी होतात. ही पूड म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळांची कवचं. सुमारे दहा ते सात कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार समुद्र होता. शेवाळं मरत होती, त्यांची कवचं तळाशी बसत होती. याच समुद्रातल्या स्पंजांच्या सांगाड्यातली सिलिका विरघळली आणि पुन्हा गोठून तिच्या गारगोट्या झाल्या. पुढे आल्प्स उभे करणाऱ्या दाबाने हा समुद्रतळही वर उचलला गेला, मधला घुमट झिजून गेला, आणि त्याच्या दोन कडा उरल्या. उत्तरेची नॉर्थ डाउन्स, दक्षिणेची ही साउथ डाउन्स.

माझ्या गावाकडचा काळा कातळ या पांढऱ्या दगडापेक्षा वयाने लहान आहे. हा खडू साचून झाला, त्यानंतर, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. तिकडे आगीने घडवलेला डोंगर, इकडे पाण्याने; एक लोटांमागून लोट येऊन वाढलेला, दुसरा कणाकणाने. दोन्हीकडे पाऊल टाकताना मला सारखीच नम्रता वाटते. ज्या जमिनीवर आपण मालकी सांगतो, तिचं वय समजलं की मालकी हा शब्द फार तोकडा पडतो.

माथ्यावर पाणी नाही. पावसाचा थेंबन् थेंब खडू पिऊन टाकतो. डोंगर आतून पाण्याने भरलेला असतो आणि पायथ्याशी, जिथे खडू संपून चिकणमाती लागते, तिथे ते झऱ्यांनी बाहेर पडतं. फुल्किंगसारखी गावं त्या झऱ्यांपाशीच वसली. वर चरणाऱ्या मेंढ्यांसाठी धनगरांनी चिकणमाती तुडवून तळी केली, त्यांतली काही अजून टिकून आहेत. मेंढ्यांनी शतकानुशतकं गवत आखूड ठेवलं, म्हणून इथे उंच गवताला बाकीच्यांचा सूर्यप्रकाश अडवता आला नाही. चांगल्या राखलेल्या कुरणात एक चौरस मीटर जागेत चाळीसएक जातींच्या वनस्पती सापडतात. जुलैत सायकल आडवी टाकून तिथे बसावं. हाताखाली रानओवा चुरडतो, त्याचा वास येतो. चॉकहिल ब्लू नावाचं फिकट निळं फुलपाखरू गवताच्या उंचीनेच उडतं. त्याच्या अळ्या एकाच पिवळ्या फुलाच्या रोपावर वाढतात आणि मुंग्या त्यांची राखण करतात. डोक्यावर चंडोल गात असतो, गाता गाता इतका वर जातो की नजरेला सापडत नाही. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर धान्यासाठी यातलं बरंच कुरण नांगरलं गेलं. उरलं ते मुख्यतः तीव्र उतारांवर, जिथे नांगर चालला नाही. म्हणून वाट सोडून गवतात चाक घालायचं नाही, हे मी मनाशी पक्कं धरलं आहे.

या सगळ्या मुलखात मी कोणत्या हक्काने फिरतो? दोन्ही बाजूंची शेतं खासगी आहेत. शेत मालकाचं, पण वाट सगळ्यांची, असा इथला कायदा आहे. सायकलला घोड्यांच्या वाटा, म्हणजे ब्रायडलवे, १९६८ च्या कंट्रीसाइड अॅक्टने खुल्या केल्या. अट एकच घातली. पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला सायकलवाल्याने वाट द्यायची. चार वर्षांनी, १९७२ साली, साउथ डाउन्स वे खुला झाला; आज तो विंचेस्टर ते ईस्टबोर्न असा सुमारे १६० किलोमीटरचा आहे. त्या अटीचा अर्थ फाटकापाशी कळतो. फाटकाच्या कडीला वर आलेला लांब दांडा असतो, घोड्यावरून न उतरता हाताला लागेल इतका उंच. ही सोय घोडेस्वारासाठी केलेली. सायकलवर बसल्या बसल्या मलाही ती वापरता येते. मागून जाताना दुरूनच हाक द्यायची, वेग कमी करायचा, घोडा बिचकणार नाही इतकं अंतर ठेवायचं. समोरचा हात वर करतो, दोन शब्द बोलतो आणि पुढे जातो. हक्क आणि बाजूला होणं या दोन गोष्टी एकाच वाक्यात लिहिणारा हा कायदा मला फार शहाणा वाटतो.

माथ्यावरून वाट पुढे पूर्वेकडे जाते. डेव्हिल्स डाइकची खोल कोरडी दरी, सॅडलस्कोम, पायकोम, मग जॅक आणि जिल या दोन पवनचक्क्या. तिथून दक्षिणेला ब्रायटनकडे उतरणारी वाट धरली की उतारावर, शेतांच्या मधोमध, पांढऱ्या संगमरवराची एक छत्री दिसते. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर जखमी झालेले हिंदी सैनिक ब्रायटनला आणले जात. तिथल्या रॉयल पॅव्हिलियन या जुन्या राजवाड्याचंही इस्पितळ झालं होतं. इथे मरण पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांवर या उतारावर अग्निसंस्कार झाले, अस्थी समुद्रात विसर्जित केल्या. चितांच्या जागेवर आज ग्रॅनाइटच्या शिळा आहेत. छत्रीचा आराखडा मुंबईचे वास्तुविशारद ई. सी. हेन्रिक्स यांनी केला आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचं अनावरण झालं. इथवर मोटारीचा रस्ता नाही. वर्षातून एकदा, जूनमध्ये, लोक इथे श्रद्धांजली वाहायला जमतात. इथे यायचं तर पायी, घोड्यावर किंवा सायकलवर यावं लागतं, आणि ते मला योग्य वाटतं. सायकल कुंपणाबाहेर टेकवून मी आत जातो. घरापासून इतक्या लांब, परक्यांच्या युद्धात पडलेल्या त्या माणसांपर्यंत पोहोचायला थोडे श्रम पडावेत.

ब्रायटनला येणारा आपला माणूस बहुधा पॅव्हिलियन बघतो, समुद्रावर फिरतो आणि परततो. तुम्ही आलात तर तेवढ्यावर थांबू नका. अर्धा दिवस काढा, पॅचम गावाच्या बाजूने छत्रीपर्यंत या. तिकीट नाही, कुणाची परवानगी लागत नाही. कोरड्या दिवसांत आलात तर उत्तम. सायकल मिळाली तर एडरच्या काठाने सुरुवात करा आणि डोंगर ओलांडून या. वाटेत फाटक उघडलंत तर लावून घ्या, आणि कुणी चालत किंवा घोड्यावरून येताना दिसलं तर आधी तुम्ही थांबा. सायकलला या डोंगरातून जाण्याचा हक्क त्याच अटीवर मिळालेला आहे.