गळसरी आणि गोधडी

आमची थोरली मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागे एकदा ती दादरच्या एका प्रदर्शनातून गळ्यातले घेऊन आली. काळपट चांदीचा रंग, गळ्याला घट्ट बसणारे, खाली बारीक घुंगरे. चांदी नव्हेच, नुसते वरचे पाणी. किंमत रु. 450. सोबत मनगटापासून वर चढणाऱ्या चार पाटल्या. मुली याला ऑक्सिडाइज्ड म्हणतात आणि नमुना जुना असला की व्हिंटेज. ते सगळे घालून ती आरशासमोर उभी राहिली, तेवढ्यात आमची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, ‘‘काढ ते. आपल्या घरात ते पुन्हा नको.’’

आई कधी नातीवर आवाज चढवत नाही. म्हणून आम्हीही चपापलो.

आईचे सासर महाड तालुक्यातले. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. लुगडे नेसायची ती ठरावीक तऱ्हा, गळाभर गळसऱ्या, कोपरापर्यंत कथलाच्या नाहीतर चांदीच्या पाटल्या, ही तुम्हाला ओळखण्याची खूण झाली आहे, ती टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी बायांची नेसण बदललेली होती. आमची पणजी परिषदेला गेली नव्हती. निरोप गावात आला तेव्हा तिने पाटल्या काढल्या. लग्नात, लहानपणीच चढवलेल्या त्या. हात वाढला, पाटल्या तेवढ्याच. तेल लावून ओढल्या, तरी मनगट सोलले. ही हकीगत आईने नवी सून असताना पणजीच्याच तोंडून ऐकली, आणि मनगटावरचा वणही पाहिला.

मुलगी म्हणाली, ‘‘आजी, तेव्हा ती बळजबरी होती. मी हौसेने घालते. आता सगळ्याच जातींच्या मुली घालतात, मग खूण कसली राहिली?’’

आम्हाला दोघींचेही पटले. असे झाले की आम्ही ऑफिसातल्या सवयीने ‘बघू’ म्हणतो आणि विषय दप्तरी दाखल करतो. पण पुढच्या रविवारी मुलीने हट्टाने आम्हाला आणि आजीला त्याच प्रदर्शनाला नेले. शेवटचा दिवस होता.

सभागृह भरलेले. मातीची भांडी, हातमागाचे दुपट्टे, कागदाच्या वह्या. करणारेच विकायला बसलेले. एका टेबलावर मात्र खरे जुने दागिने होते. तोडे, वाळे, झिजलेल्या पाटल्या. विकणारे गृहस्थ सांगत होते, खेड्यापाड्यांतून वजनावर घेतले, ‘ट्रायबल’ म्हणून चांगले जातात. कोणाच्या हातातले, कोणी घडवले, का काढले, यातले काही त्यांना माहीत नव्हते. आई एक पाटली उचलून बघत राहिली, मग खाली ठेवून पुढे गेली.

कोपऱ्यात एक ताई गोधड्या घेऊन बसली होती. टेबलाच्या कडेला बाबासाहेबांचा छोटा फोटो पाहून आम्ही जयभीम घातला. ताई मूळची लातूरकडची, आता कल्याणजवळ राहते. एका गोधडीत पाच-सहा जुनी सुती लुगडी जातात, असे तिने सांगितले. ती जमिनीवर ताणून अंथरायची, टाचून घ्यायची, मग कडेने धावदोरा घालत आत आत यायचे. टाका लांब पडला तर धुताना थर सरकतात. आई खाली वाकून टाके बोटाने मोजायला लागली. लहानपणी तिने वाकळा शिवल्या आहेत, पण त्या घरात अंथरायला. तेव्हा विकत कोण घेणार?

आमच्या बी.कॉम.चा तिथे उपयोग झाला. एका गोधडीला रोज 4 तासांप्रमाणे 15 दिवस, म्हणजे 60 तास. किंमत रु. 2,400. दोरा आणि वरचे कापड रु. 200, टेबलाच्या भाड्याचा वाटा आणि गाडीखर्च रु. 300. हाती उरले 1,900, तासाला सुमारे 32 रुपये. पूर्वी एक व्यापारी गोधडीचे 500 देत असे. दोऱ्या-कापडाचे 200 गेले की तासाला 5 रुपये. तीच गोधडी त्याने 3,500 ला विकलेली ताईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. ‘‘भाऊ, तासाचा हिशेब कधी केलाच नव्हता,’’ ती म्हणाली.

तेवढ्यात एक बाई आल्या. गोधडी उलटसुलट करून म्हणाल्या, ‘‘जुन्या चिंध्यांच्याच ना? काहीतरी कमी करा.’’ ताईच्या आधी आमची आईच बोलली, ‘‘चिंध्यांचे नाहीत बाई, टाक्यांचे पैसे आहेत.’’

प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यावर ताईने आपले नाव दोऱ्याने काढले होते. नुसते नाव. मुलीने विचारले, आडनाव का नाही? ताई हसली. म्हणाली, ‘‘आडनाव वाचून काही गिऱ्हाइके हळूच पुढच्या टेबलाकडे सरकतात.’’

परतताना लोकलमध्ये आम्ही त्याच विचारात होतो. आमचे काही कार्यकर्ते मित्र हस्तकलेचे कौतुक म्हटले की उसळतात. बापाचा धंदा मुलाच्या गळ्यात बांधायची ही नवी युक्ती, म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. जातीने कामाचीच नव्हे, काम करणाऱ्या माणसांची उतरंड लावली, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच दाखवून दिले. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी जून 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला कोल्हापूरचे नाव न घेता दाखवल्या. ओरड झाल्यावर मूळ मान्य केले. पण आपल्याकडे तरी कोल्हापूरचे नाव अभिमानाने घेणारे किती लोक चप्पल शिवणाऱ्याच्या वस्तीत चहा घेतात?

दुसरीकडे मुंबईतच सुधीर राजभर या कलावंताने आपल्या उद्योगाचे नाव ‘चमार स्टुडिओ’ ठेवले. 2015 च्या गोवंश हत्याबंदीनंतर धारावीतल्या चामड्याच्या कारागिरांचे काम आटले. त्यांच्यासोबत तो टाकाऊ रबराच्या पिशव्या करतो. जो शब्द शिवी म्हणून फेकला जातो, तोच त्याने मालावर छापला. मुलीने हे सांगितले तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नाही.

गळसरी कपाटात आहे. मुलगी सोबतची कर्णफुले घालते, गळ्यातले घालत नाही. टाकूनही देत नाही. दोघींमध्ये त्यावर अजून मिटलेले नाही आणि आम्ही मध्ये पडत नाही.

गेल्या पौर्णिमेला वंदनेनंतर आम्ही विहारात भगिनींना जुन्या सुती साड्या मागितल्या. 17 आल्या. त्यातल्या 5 नायलॉनच्या निघाल्या, त्या परत केल्या. आईने आपले हिरवे इरकली लुगडे दिले, पण ते स्वतःच्या गोधडीसाठी. पूर्ण 2,400 रुपये आगाऊ मोजले आणि ताईला फोनवर बजावले, ‘‘माझ्या गोधडीवर आडनावासकट नाव काढ. मोठ्या अक्षरात काढ, मला चष्म्याशिवाय वाचता आले पाहिजे.’’